सायकल पार्कात पडल्यानंतरचे ४८ तास: स्की-डोंगरावरचं माउंटन बायकिंग आणि घरच्यांनी ठेवायची नजर

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेक कुटुंबांची मुलं आता कॅनडा-अमेरिकेत असतात. त्यामुळे उन्हाळ्यात एक प्रश्न मला बऱ्याचदा ऐकू येतो. "डॉक्टर, मुलगा सायकलवरून पडलाय. तो म्हणतो, काही झालं नाही. काळजी करायची का?" आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर तेव्हा आपल्या सोसायटीतली सायकल असते. गुडघा खरचटला असेल, दुसरं काय? पण मुलगा ज्या सायकलवरून पडलेला असतो ती सायकल आणि तो रस्ता, दोन्ही वेगळे असतात. म्हणून आधी ते सांगतो.

थंडीत जिथे लोक बर्फावरून स्कीइंग करतात, तेच डोंगर उन्हाळ्यात सायकलींसाठी उघडतात. स्कीइंगच्या पाळण्यांनाच सायकल अडकवायची सोय केलेली असते. आपण पाळण्यात बसायचं, सायकल मागून किंवा पुढून वर येते, आणि मग मातीच्या वाटेने खाली उतरायचं. पुन्हा पाळणा, पुन्हा उतार. व्हँकुव्हरपासून साधारण १२० किलोमीटरवर असलेलं व्हिसलर यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिथलं बाइक पार्क १९९९ पासून चालू आहे. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी उतारावरच्या स्कीइंगच्या शर्यती याच गावाच्या डोंगरावर झाल्या होत्या. यावरून उताराची कल्पना यावी. पण व्हिसलर हे मोठं नाव झालं. उत्तर अमेरिकेत अनेक शहरांजवळ एखादा छोटा स्की-डोंगर असतो आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यात हाच खेळ चालतो.

वाटांना रंग दिलेले असतात. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे जाणकारांनीच जावं अशी. हिरवी वाट सोपी असली तरी ती डोंगराची उतरण आहे, बागेतली पायवाट नाही. वळणांना बाहेरच्या बाजूने मातीची कड चढवलेली असते, मध्ये मुळं, दगड, लाकडी फळ्यांचे पूल, उड्या मारायला केलेले उंचवटे. भाड्याने मिळणारी सायकल जड असते, पुढे-मागे जाड शॉकअॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक. हे सगळं मी मागच्या जूनमध्ये ताईकडे गेलो असताना पाहिलं, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी एक हिरवी वाट स्वतः उतरलोही. खाली आलो तेव्हा माझी बोटं ब्रेकच्या आकारात आखडली होती आणि मी फारच खूश होतो. हा खेळ करू नका, असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही.

ब्रेकबद्दल, आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी खास

आपल्याकडे सायकलला उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो. मोटारसायकललाही तसंच. कॅनडा-अमेरिकेत सायकलला पुढचा ब्रेक बहुतेक वेळा डाव्या हाताला असतो. सपाट रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. उतारावर, घाबरून, "मागचा" समजून डावा ब्रेक जोरात दाबला तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. या पार्कांमधल्या गंभीर इजांमागचं हे एक साधं यांत्रिक कारण आहे: हँडलवरून डोक्यावर किंवा खांद्यावर पडणं. सायकल ताब्यात घेतल्यावर सपाटीवर दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहा. मी हे भाच्याकडून शिकलो, आणि त्याने सांगितलं नसतं तर पहिल्याच वळणाला मी हवेत असतो.

दुसरी गोष्ट थकव्याची. चढ चढताना माणसाला दम लागतो, आणि दम लागला की तो थांबतो. इथे चढ पाळणा चढतो. उतारावर दम फारसा लागत नाही, म्हणून "अजून एक फेरी" सहज होते. थकतात ते पुढच्या हातांचे स्नायू, कारण सतत ब्रेक धरलेला असतो आणि हँडलचे धक्के तिथेच बसतात. पकड सैल होते, बोटं ब्रेकवर वेळेत येत नाहीत, नजर पुढच्या वळणाऐवजी चाकासमोर राहते. म्हणून दिवस संपताना, पाळणे बंद व्हायच्या आधीची जी घाईची शेवटची फेरी असते, तिच्यापासून जपा. बाटली उघडताना झाकण फिरवायला त्रास होतोय, हाताला मुंग्या येतायत, असं झालं की त्या दिवसापुरतं पुरे.

नेमकं काय मोडतं?

व्हिसलरच्या बाइक पार्कात जखमी होऊन २००९ च्या मोसमात तिथल्या आरोग्य केंद्रात आलेल्या लोकांचा डॉक्टरांनी अभ्यास केला होता. मे ते ऑक्टोबर या काळात असे ८९८ रुग्ण आले. त्यांत ८६ टक्के पुरुष होते आणि निम्मे लोक २६ वर्षांच्या आतले. एकूण ४२० हाडं मोडलेली आढळली, आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खांद्यापासून बोटांपर्यंतची. साधारण दर नऊ जखमींमध्ये एकाच्या मेंदूला कमी-अधिक इजा होती. हे आकडे जखमींचे आहेत, सायकल चालवणाऱ्या सगळ्यांचे नाहीत. त्यावरून "दर नऊ जणांत एकाचं डोकं फुटतं" असा अर्थ काढू नका. पण शरीराच्या कोणत्या भागाकडे आधी पाहायचं, ते यातून कळतं.

पडताना आपण हात पुढे टेकवतो. त्यामुळे मनगट, कोपर, खांदा आणि हासळीचं हाड म्हणजे कॉलरबोन यांवर भार येतो. हासळी मोडली की ते लपत नाही. खांदा खाली येतो, हात दुसऱ्या हाताने धरून माणूस येतो, त्वचेखाली उंचवटा दिसतो. मनगटाजवळचं मोठं हाड मोडलं तरी सूज आणि वाकडेपणा दिसतो. असं दिसणारं फ्रॅक्चर मला फारसं घाबरवत नाही, कारण ते रुग्णाला स्वतःच दवाखान्यात नेतं. मला धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या तीन इजांची: मनगटातलं एक छोटं हाड, हँडलचं टोक लागलेलं पोट आणि हादरलेला मेंदू.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला खळगा

यातली पहिली चूक माझी स्वतःची आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

माझा भाचा सतरा वर्षांचा. त्या दिवशी निळ्या वाटेवर तो घसरला, उजवा हात टेकला, उठला, हसत खाली आला. "मामा, काही नाही, थोडं दुखतंय." मी मनगट पाहिलं. सूज जवळजवळ नव्हती. बोटं हलत होती, मूठ वळत होती. मी म्हटलं, मुरगळलंय, क्रेप बँडेज बांध, बर्फ लाव, आठ दिवसांत बरं होईल. डॉक्टर मामाने सांगितलं म्हटल्यावर ताईने पुढे काही विचारलं नाही. मी पुण्याला परतलो.

पाच आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर ताई सहज म्हणाली, "अरे, याला अजून दार ढकलता येत नाही उजव्या हाताने." मी त्याला कॅमेऱ्यासमोर अंगठा वर करायला लावला. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन शिरांसारख्या दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. त्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबायला सांगितलं. तो कळवळला. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या: स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलेलं होतं आणि जुळायला सुरुवातही झालेली नव्हती. शेवटी शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावा लागला.

पहिल्याच दिवशी मी तो खळगा दाबला असता तर बरंचसं टळलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. सुट्टीवर होतो, मुलगा हसत होता, आणि सूज नाही म्हणजे फ्रॅक्चर नाही असं मी गृहीत धरलं.

स्कॅफॉइड हे काजूएवढं हाड. त्याला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून मिळतो आणि तो उलट दिशेने, कोपराकडच्या टोकाकडे जातो. हाड मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. म्हणून ते सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही, आणि कधी तो तुकडा मरतो. पुढे काही वर्षांनी मनगटात झीज सुरू होते. विशीतल्या मुलाला हे परवडणारं नाही. त्यात आणखी अडचण अशी की पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये हे फ्रॅक्चर काही वेळा दिसतच नाही.

म्हणून नियम असा: हातावर पडला आहे आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखतंय, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी ते फ्रॅक्चर समजूनच चालायचं. मनगट आणि बहुधा अंगठाही आधार देऊन स्थिर ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा सोय असेल तर लवकर एमआरआय किंवा सीटी करतात. "एक्स-रे नॉर्मल आहे" हे ऐकून पट्टा काढून टाकू नका. पुन्हा कधी दाखवायचं, ते विचारूनच बाहेर पडा.

हँडलचं टोक आणि पोट

पडताना सायकलचं हँडल आडवं फिरतं आणि त्याचं टोक पोटात रुततं. जोर मोठा, जागा रुपयाच्या नाण्याएवढी. बाहेर एक गोल लालसर वळ उमटतो, बस. आत मात्र डाव्या बरगड्यांखाली प्लीहा, उजवीकडे यकृत, मध्ये मणक्यावर दाबलं जाणारं स्वादुपिंड आणि आतडं असतं. मुलांमध्ये पोटाची भिंत पातळ असते, त्यामुळे धोका जास्त.

या इजेचा स्वभाव फसवा आहे. पहिला तासभर मुलगा बरा असतो, खातो-पितोही. प्लीहेतून रक्त हळूहळू झिरपत असलं तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी किंवा त्याहूनही उशिरा त्रास उघड होतो. आतड्याला किंवा स्वादुपिंडाला मार असेल तर उलट्या आणि वाढत जाणारं पोटदुखणं हे एक-दोन दिवसांनीही सुरू होऊ शकतं.

काय पाहायचं? पोटावर हँडलचा वळ आहे का, हे शर्ट वर करून स्वतः पाहा. मुलं सांगत नाहीत. पोट कडक होतंय, दुखणं वाढतंय, उलट्या होतायत, चेहरा पांढराफटक पडलाय, गार घाम येतोय, उभं राहिल्यावर चक्कर येते, लघवीत रक्त दिसतं, यांपैकी काहीही असेल तर थांबायचं नाही. आणि एक विचित्र लक्षण मुद्दाम लक्षात ठेवा: खांद्याला मार लागलेला नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं. प्लीहेतलं रक्त पोटातल्या पडद्याला लागलं की त्या पडद्याची नस खांद्यात दुखतंय असं मेंदूला सांगते. घरात लोक त्यावर मलम चोळत बसतात.

पोटावर हँडलचा स्पष्ट वळ असेल तर माझं मत असं की बाकी काही त्रास नसला तरी त्याच दिवशी तपासून घ्यावं. तिथले डॉक्टर कदाचित काही तास नुसतं निरीक्षणाखाली ठेवतील आणि घरी पाठवतील. तो वेळ वाया गेला असं समजू नका. सायकल घेताना हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं बसवलेली आहेत ना, तेही पाहा. उघडी नळी पोटात पंचसारखी घुसते.

डोकं

या पार्कांत तोंड झाकणारं हेल्मेट वापरतात आणि ते वापरावंच. कवटी, जबडा आणि दात त्याने वाचतात. पण हेल्मेट घातलं म्हणजे मेंदूला हादरा बसत नाही असं नाही. डोकं अचानक थांबतं किंवा गरकन फिरतं, तेव्हा आत मेंदू हलतो. या हादऱ्याला कंकशन म्हणतात. शुद्ध हरपायलाच हवी असं मुळीच नाही. बहुतेकांची हरपत नाही. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, "धुक्यात असल्यासारखं" वाटणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पडलो कसा ते न आठवणं, अशी लक्षणं असतात. सीटी स्कॅन करायची गरज पडलीच तर तो बऱ्याचदा नॉर्मल येतो. कारण कंकशनमध्ये बिघाड कामकाजात असतो, रचनेत नाही.

कंकशनची शंका आली की त्या दिवशी सायकल बंद. "बरं वाटतंय आता" असं म्हणाला तरी बंद. हादरलेल्या मेंदूची प्रतिक्रिया मंद असते, तो पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते, आणि बरं व्हायच्या आत बसलेला दुसरा हादरा जास्त महागात पडतो.

मग घरी काय? पहिले एक-दोन दिवस शांतपणे काढावेत, मोबाइलचा पडदा कमी, अभ्यास कमी. पण आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. त्यानंतर हलकं चालणं, मग हळूहळू रोजची कामं. आणि "झोपू देऊ नका" ही समजूतही सोडा. धोक्याचं लक्षण नसेल तर झोप चांगलीच, फक्त पहिल्या रात्री खोलीत कोणीतरी असावं. दुखण्यावर पॅरासिटामॉल ठीक. पहिल्या दोन दिवसांत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. आपल्याकडचे लोक परदेशी जाताना या गोळ्यांच्या पट्ट्या बॅगेत भरून नेतात, म्हणून हे सांगितलं.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठणं, बडबड किंवा गोंधळ, झटका, एखादा हात-पाय लुळा पडणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं, यांपैकी एक गोष्ट दिसली तरी थेट इमर्जन्सी. कॅनडा-अमेरिकेत ९११. पुण्याहून मामाला फोन नंतर करा.

मानेबद्दल एवढंच: डोक्यावर पडलेल्या माणसाला मान दुखत असेल, हाता-पायांना मुंग्या असतील किंवा तो शुद्धीवर नसेल तर त्याला उचलून बसवू नका आणि त्याचं हेल्मेट स्वतः ओढून काढू नका. वरच्या बाजूला एकाने उभं राहून येणाऱ्या सायकली थांबवाव्यात आणि दुसऱ्याने पार्कच्या बचाव पथकाला कळवावं. पार्कच्या नकाशावर त्यांचा नंबर असतो. फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

खरचटणं, आणि हळद

खरचटलेल्या जागी माती आणि बारीक खडे अडकतात. नळाच्या वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर वेळ धुवा, दुखलं तरी. त्यात हळद भरू नका. ती स्वच्छ केलेली नसते आणि नंतर जखम पाहणाऱ्या डॉक्टरला आत काय आहे ते दिसत नाही. मातीने मळलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर पुन्हा लस घ्यावी.

ज्यांना आधीच आजार आहे त्यांच्यासाठी

अँजिओप्लास्टी झालेले एक गृहस्थ मुलीकडे जाण्याआधी मला विचारत होते, "नातवाबरोबर एक फेरी मारू का?" ते ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेत होते. मी नाही म्हटलं. त्यांच्या हृदयाला ती फेरी कदाचित झेपली असती. प्रश्न पडल्यावरचा होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्त साचू शकतं आणि त्यांना लक्षणं नसतानाही तपासून घ्यावं लागतं. आणि सायकलच्या हौसेसाठी त्या गोळ्या चार दिवस बंद करणं, हा तर त्याहून मोठा धोका. ते पाळण्याने वर गेले, फोटो काढले, पाळण्यानेच खाली आले.

मधुमेहाला आडकाठी नाही, पण इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावं आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी साखर तपासावी. उतारावरची थरथर भीतीची आहे की साखर कमी झाल्याची, हे त्या क्षणी ओळखता येत नाही. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, हा खेळ टाळावा.

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी विम्याचे कागद एकदा वाचावेत. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो, पण विमा आहे म्हणजे साहसी खेळातली इजा त्यात येतेच असं नाही. वगळलेल्या गोष्टींची यादी शेवटच्या पानांवर असते.

भाच्याच्या मनगटातला स्क्रू तसाच आहे. सर्जनने सीटीवर हाड जुळल्याची खात्री केल्यावर, जवळजवळ पाच महिन्यांनी, त्याला सायकलला हात लावू दिला. या मे महिन्यात पार्क उघडलं तेव्हा त्याने मोसमाचा पास काढला. ताईने मला विचारलं, जाऊ देऊ का? मी त्याला कॅमेऱ्यासमोर अंगठा वर करायला लावला, खळगा दाबून पाहायला सांगितला, आणि मग हो म्हटलं.